हिरव्या दोऱ्याची मासोळी

सासूनं माशाच्या पोटावरून हात फिरवला आणि डोळे मिटले.

तलावाच्या काठावर सगळं सोनटोला गाव जमलं होतं. जाळ्यातून काढलेले मासे पाण्यानं भरलेल्या मोठ्या घंगाळात होते. माझा नवरा रूपचंद त्यातला एकेक मासा अलगद उचलून आईपुढे धरी आणि ती पोटावरून तळवा फिरवून निकाल देई. "नर हाये." "रिकामी हाये." "इचं अजून कच्चं हाये, सोड तिले." निकाल लागला की मासा पुन्हा तलावात.

माझ्या सासूचं नाव सायत्राबाई नान्हे. मी तिला आत्याबाई म्हणायची. ती गावची सुईण. आमच्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, वस्तीतली निम्मीअधिक माणसं तिच्या हातावर जन्माला आलेली, त्यामुळे भले भले गडीही तिच्यापुढे तोंड सांभाळून बोलत. बायांच्या पोटावर हात ठेवून ती बाळ आडवं आहे की उभं ते सांगायची आणि त्याच हातानं वर्षातून एकदा, ज्येष्ठात, तलावातली लेकुरवाळी मासोळी निवडायची.

ही आमच्या गावची रीत. पाणी पडायच्या आधी, अंड्यांनी पोट भरलेली एक रोहू निवडायची. एका सवाष्णीनं तिला मांडीवर घेऊन तिची ओटी भरायची, शेपटीला हिरवा दोरा बांधायचा आणि तलावात सोडायची. त्या दिवसापासून माशांची वीण होईपर्यंत कोणी जाळं टाकत नसे. पुढे कधी हिरव्या दोऱ्याची मासोळी जाळ्यात आलीच तर पाया पडून परत सोडायची. ती सुखरूप तर तलाव सुखरूप, आणि तलाव सुखरूप तर आमच्या चुली.

रूपचंदनं पुढचा मासा उचलला. पोट टम्म फुगलेलं. बाया पुढे सरकल्या. आत्याबाईनं नुसतं बोट लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"मिसळ हाये हा. फिता हाये पोटात. फेक तिकडं."

मागे एकदा आमच्या मच्छीमार संस्थेनं बाहेरून मत्स्यबीज आणलं होतं. त्यात कटल्याची आणि रोहूची सरमिसळ निघाली. पिल्लं मोठी झाली तेव्हा कळलं, अंग रोहूचं आणि डोकं कटल्यासारखं थोराड. त्यांना सगळे मिसळ म्हणत. खायला वाईट नव्हती, पण आमच्या तलावात या मिसळीच्या पोटात किडा फार. पांढरा, चपटा, परकराच्या नाडीसारखा लांबच लांब. आम्ही त्याला फिता म्हणायचो. फिता शिरला की पोट फुगतं, बघणाऱ्याला वाटतं अंडी धरली, पण आत अंड्याचा दाणा नसतो, सगळी जागा त्या फित्यानंच बळकावलेली असते. असले मासे काठाकाठानं वर वर तरंगत राहतात, एखादं पोरही हातानं धरील. वरून दोन्ही पोटं सारखीच दिसायची. फरक कळायचा तो फक्त आत्याबाईच्या तळव्याला.

मग ती आली. मोठी, लालसर पंखांची रोहू. आत्याबाईनं हात फिरवला आणि डोळे मिटले. तळवा पोटावर तसाच राहिला. तिनं डोळे उघडले तेव्हा चेहऱ्यावर तेच होतं, जे पोर सुखरूप सुटल्यावर तिच्या चेहऱ्यावर यायचं.

"बरी हाये," ती म्हणाली.

आत्याबाईच्या तोंडून 'बरी हाये' निघालं म्हणजे डोक्यावरून पाणी. यापेक्षा मोठा शब्द तिच्याजवळ नव्हता. मला पाहायला आली होती तेव्हाही तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवून एवढंच म्हटलं होतं. माझी आई बिचारी लग्न लागेपर्यंत झुरत राहिली, की पोरीत काही खोट तर नाही दिसली?

"कुंदे, ये बाई पुढं," चंद्रभागाकाकू म्हणाल्या. काकू म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांच्या, मारबत्यांच्या घरच्या. बाई मनानं वाईट नव्हती, पण गावातलं पान आपल्याला विचारल्याशिवाय हलू नये असं तिला वाटे. कुंदा तिची सून, सातव्या महिन्यातली. गेल्या वर्षी तिनंच ओटी भरली होती आणि वर्षाच्या आत तिचीही भरायची वेळ आली. सगळ्यांना वाटलं, यंदाही तीच.

"कुंदा नाही," आत्याबाई म्हणाली. "औंदा माही सून भरन."

मी सगळ्यांच्या मागे उभी होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, कूस उजवली नव्हती. ओटीच्या दिवशी मी घंगाळ घासायची, हळद कुटायची, तांदूळ निवडायची, आणि वेळ आली की आपसूक मागे सरायची. मला कोणी मागे हो म्हणत नसे. म्हणावं लागत नसे.

चंद्रभागाकाकूंनी पदर सावरला. "सायत्राबाई, राग नका मानू. पन तलाव साऱ्या गावाचा हाये. उद्या काही वाईट वंगाळ झालं तं?"

"तं माह्या हातावर," आत्याबाई म्हणाली. "देवांगना, बस मांडी घालून."

मी बसले. रूपचंदनं ओल्या फडक्यात धरलेली ती रोहू माझ्या मांडीवर ठेवली आणि हळूच म्हणाला, "भिऊ नको, ते नाही चावत." एवढ्या माणसांत त्याला थट्टा सुचली. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

केवढी जड होती ती. थंड, ओली आणि जड. मी तिच्या डोक्याला हळदकुंकू लावलं, पोटाजवळ तांदूळ ठेवले, खणाचा तुकडा टेकवला. तिचं तोंड माझ्या मनगटाशी होतं. उघडायचं, मिटायचं. खालच्या ओठाला बारीक झालर होती, रोहूला असते तशी, जुन्या झबल्याच्या गळ्याला असावी इतकी नाजूक. मी आयुष्यभर मासे चिरले, विकले, खाल्ले, पण कोणाचा ओठ असा पाहिला नव्हता. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला ती मासोळी वाटलीच नाही. शेपटीला हिरवा दोरा बांधताना मी मनात म्हटलं, माझं राहू दे बाई, तुझं नीट होऊ दे.

मग तिला पाण्यात सोडलं. ती जरा थांबली आणि गेली.

त्या रात्री रूपचंद बाहेर खाटेवर पडून उगाच गुणगुणत होता. वर्षभर त्याच्या मामाचं टुमणं चाललं होतं, दुसरी कर. पोरगीही पाहून ठेवलेली. चंद्रभागाकाकूंची लांबची भाची. रूपचंद हो म्हणत नव्हता, पण एका माणसानं किती दिवस नाही म्हणत राहावं? आज गावासमोर मी ओटी भरली, मासोळी सुखरूप पाण्यात गेली. आता कदाचित मामाचं तोंड बंद होईल, असं त्याला वाटत होतं. मलाही वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी, अजून पुरतं उजाडलंही नव्हतं, तोच मारबत्यांच्या भावकीतला गणपत धावत वस्तीत आला. तो पलीकडच्या बांधावरून येत होता.

"मासोळी मेली," तो म्हणाला. "हिरव्या दोऱ्याची. बेशरमाच्या झुडपापाशी पोट वर करून तरंगून रायली."

माझ्या हातातली कळशी हातातच राहिली. एकेक दार उघडलं. ज्या नजरा आजवर माझ्या अंगावरून घसरून जायच्या त्या आता येऊन चिकटल्या. चंद्रभागाकाकू ओट्यावर आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मी बोललो तं वाईट झालो होतो." आणि कुंदाला आत ढकलून दार लावलं. जणू मी रस्त्यावर उभी आहे तोवर तिनं बाहेर यायला नको.

मी घरात गेले. आत्याबाई नव्हती. ती रोजच पहाटे तलावावर जायची. रूपचंद खाटेच्या काठावर बसून होता.

"उन्हानं मेली असन," तो म्हणाला. "किती वेळ पान्याबाहेर होती."

"गावाले सांगा ना तसं," मी म्हटलं.

पण तो तरी गावाला काय सांगणार? मासोळ्या दरवर्षी तेवढाच वेळ पाण्याबाहेर असायच्या. मेली ती याच वर्षी.

सूर्य वर आला तेव्हा पारावरून हाक आली. आम्ही दोघं गेलो. त्याच्या मागे मी, पदर कपाळापर्यंत ओढलेला. पाराभोवती माणसांचं कोंडाळं होतं आणि मध्ये आत्याबाई बसली होती, कमरेपर्यंत ओली. पुढ्यात विळी. विळीजवळ केळीच्या पानावर मासोळी. शेपटीला तोच हिरवा दोरा. आणि डोक्यावर ओलं फडकं गुंडाळलेलं.

"तोंड काहून झाकलं?" कोणीतरी विचारलं.

"लेकुरवाळी होती म्हनून सोडली होती ना आपन? मेल्या लेकुरवाळीचं तोंड झाकतेत," आत्याबाई म्हणाली.

चंद्रभागाकाकू पुढे झाल्या. "सायत्राबाई, आता सांगा. तुमचा हात तं कदी चुकत नाही. चांगली भरल्या पोटाची मासोळी तुमीच निवडून देल्ली. मंग दोन दिवसांत मेली कशी? कोनाच्या हातानं मेली?"

नाव घ्यायचं राहिलं होतं एवढंच. मामाही आला होता. तो कोपऱ्यात तंबाखू मळत उभा होता आणि मधूनमधून रूपचंदकडे पाहत होता. मला कळत होतं, इथून जे ठरेल ते कायमचं ठरेल. उद्या रूपचंद नाही म्हणाला तरी त्याचं कोणी ऐकणार नाही.

आत्याबाईनं मासोळी उचलली, पोट विळीला लावलं आणि एका ओढीत उघडलं.

आत अंडी नव्हती. पांढऱ्या, चपट्या वेढ्यांचा गुंता बाहेर आला आणि केळीच्या पानावर पसरला. एक फिता अजून वळवळत होता. बाया तोंडाला पदर लावून मागे सरल्या.

"फिता," गणपत म्हणाला.

"हाव. फिता," आत्याबाई म्हणाली. "अंड्याचा दाना नाही पोटात. पाह्यजा सारे. ही मरनारच होती, कोनी बी ओटी भरली असती तं मेली असती. माह्या सुनेच्या हातानं नाही मेली. माहा हात चुकला."

चंद्रभागाकाकू पाहतच राहिल्या. "तुमचा हात चुकला?"

"म्हातारा झाला हात. फिता कोन्ता अन् अंडी कोन्ती, आता उमजत नाही त्याले." तिनं दोन्ही तळवे सगळ्यांपुढे उघडे धरले. "पुढच्या सालापासून मासोळी दुसऱ्या कोनी निवडा. मी नाही निवडनार."

मामानं तंबाखू तोंडात टाकली आणि तो निघून गेला. आत्याबाई पान गुंडाळायला वाकली, तेव्हा मासोळीच्या तोंडावरचं फडकं जरासं सरकलं. मी तिच्या अगदी जवळ होते. मला ओठ दिसला. तिनं लगेच फडकं ओढून घेतलं आणि क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

घरी आल्यावर तिनं ओलं लुगडं सोडून दिलं आणि कोरडं नेसून ओट्यावर जाऊन बसली. मी लुगडं धुवायला विहिरीवर नेलं. ओच्याची घडी उकलली तर आत बारीक पिवळे दाणे चिकटलेले. खसखशीएवढे, गोल, ओले. एकदोन नव्हे, घडीघडीत भरलेले.

माशाची अंडी ओळखायला आमच्यात कोणाला शिकवावं लागत नाही.

मी लुगडं हातात घेऊन किती वेळ बसून राहिले कोण जाणे. मग उठले आणि परसात गेले. तलावाकडून येणारी मागची वाट तिथंच उघडे. शेवग्याखालची माती नुकतीच खणून सारखी केलेली दिसत होती. कोपऱ्यात कुंकवाची करंडी आणि चार तांदूळ. मी त्या मातीला हात लावला, नमस्कार केला आणि परत विहिरीवर येऊन लुगडं धुतलं. खळखळून, तीनतीनदा धुतलं. एकही दाणा ठेवला नाही.

त्यानंतर दुसरी बायको करायचा विषय आमच्या घरात निघाला नाही. पण आत्याबाईला बाळंतपणाचं बोलावणंही आलं नाही. जिला माशाचं पोट कळेना तिला बाईचं काय कळणार? चंद्रभागाकाकूंनी कुंदाला महिनाभर आधीच तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन ठेवलं. पोरगी झाली, दोघी सुखरूप. ती बातमी आली त्या दिवशी आत्याबाई संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून होती, हात मांडीवर पालथे ठेवून.

"बरं झालं," ती म्हणाली. "दवाखान्यात सोय असते."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. मी तेलाची वाटी आणली आणि तिचे तळवे चोळू लागले. "हे काय आता?" ती म्हणाली, पण हात काढून घेतले नाहीत. तेव्हापासून रोज संध्याकाळी तिचे हात चोळायचे हे माझं कामच झालं.

वर्षं गेली. मला मूल झालं नाही ते नाहीच. रूपचंदचे केस पिकले, थट्टा तेवढी तशीच राहिली. मिसळीचं बीज पुढे कोणी आणलं नाही, आणि होते ते मासे संपत आले. आत्याबाई खाटेला खिळली. मी तिला आंघोळ घालायची, भरवायची, वेणी घालायची. शेजारच्या बाया म्हणत, हिनं सासूचं लेकरू केलं. केलं खरं. काय बिघडलं?

एका संध्याकाळी हात चोळता चोळता माझ्या तोंडून निघून गेलं.

"आत्याबाई, माह्या मांडीवरच्या मासोळीच्या ओठाले झालर होती."

तिनं डोळे उघडले नाहीत. "कोन्त्या?"

"ओटी भरली होती ते. अन् तुमी पारावर चिरली तिच्या ओठाले नव्हती. ते मिसळ होती."

मला वाटलं, झोपली. बाहेर रूपचंद जाळं झटकत होता त्याचा आवाज येत होता.

"लुगडं तूनंच धुतलं होतं ना?" ती म्हणाली.

"हाव."

"मंग इतके साल बोलली काहून नाही?"

"तुमी नाही बोलल्या म्हनून."

तिच्या बोळक्या तोंडावर हसू आलं. मला मात्र राहवलं नाही. तिचे हात माझ्या गालाला लावून मी रडले, मोकळी होऊन रडले. म्हटलं, "तुमचा हात कदीच नाही चुकला, आत्याबाई. उगाच गावासमोर खोटं बोलल्या. एकडाव बी नाही चुकला तुमचा हात."

"एकडाव चुकला," ती म्हणाली.

"कवा?"

"तुले पाहाले आलो होतो तवा. पाठीवर हात फिरवला तुह्या, अन् तुह्या मायले सांगतलं, बरी हाये म्हनून." तिनं माझ्या गालावरचा हात तसाच राहू दिला. "तेवढाच चुकला बाई. लय कमी सांगतलं मी."